धुतलेल्या साड्यांचं कुंपण

एकसष्टाव्या वर्षी मी चित्रपटाची दिग्दर्शिका झाले. ते सगळं पाच रविवारांत आटोपलं. आता मी एकाहत्तरची आहे, आणि त्या वेळची ती बाई आठवली की मला तिच्याबद्दल जरा मायाच वाटते. वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करून चुकीचं उत्तर देणाऱ्या पोरीबद्दल वाटायची, तशी.

अमरावतीत मुलींच्या शाळेत तिनं चौतीस वर्षं चित्रकला शिकवली होती. निवृत्तीला तीन वर्षं झाली होती. राजापेठेतल्या घराच्या खालच्या मजल्यावर गणिताचा क्लास चालायचा, आणि ही वर बसून खिडकीतून दुचाक्यांची गर्दी बघायची. मुलानं चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घेऊन दिला होता. त्यात ती दुपारभर कबुतरं टिपायची आणि सुनेला दाखवायची. सून म्हणायची, छान आहे. एके दिवशी पेपरात जाहिरात आली. अकोल्याला प्रायोगिक चित्रपटाची कार्यशाळा, पाच रविवार, विषय माणूस आणि निसर्ग यांच्यातला संघर्ष, वयाची अट नाही. शेवटची ओळ आपल्यालाच उद्देशून लिहिलेली आहे याबद्दल बाईंच्या मनात शंका उरली नाही.

मग खादीची झोळी आली. चष्म्याला दोरी आली. बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला जायचं आणि वाटेत मूर्तिजापूरपर्यंत खिडकीतून कपाशीच्या पऱ्हाट्या टिपत राहायचं, हे सुरू झालं. डब्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, बाई, सर्व्हे करून राहिल्या का? मी म्हटलं, नाही, सिनेमा करते. तो सरकून बसला.

शिकवणारे सर माझ्या विद्यार्थिनींच्या वयाचे होते. विरळ दाढी, हळू बोलणं. पहिल्याच दिवशी त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. कथा सांगू नका. संगीत लावू नका. आणि माणूस फ्रेममध्ये नको. माणसाच्या खुणा दाखवा, निसर्गावर त्यानं काय केलं ते दाखवा, तो स्वतः नको. मी हे वहीत उतरवलं आणि तिसऱ्या वाक्याखाली लाल पेनानं दोन रेघा मारल्या. चौतीस वर्षांची सवय. आमच्यातल्या एकानं तोडलेल्या बाभळीच्या बुंध्याचं अर्ध्या तासाचं चित्रीकरण आणलं होतं. आम्ही ते पूर्ण बघितलं. मध्ये एकदा मुंगी आली तेव्हा सगळे सावरून बसले.

मला माझा विषय घरातच सापडला. माझी धाकटी जाऊ वलगावला राहते. सासऱ्यांची काळी जमीन तिथं. आमच्या ह्यांनी नोकरी धरली, दिरांनी वावर धरलं. दीर वारले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा एकुलता, पुण्याला कंपनीत. त्याचं म्हणणं असं की वावर मक्त्यानं कोणाला तरी कसायला द्यावं आणि आईनं पुण्याला यावं. त्यात त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. आईचे गुडघे दुखत, घरात ती एकटी. पण जाऊ पुण्याला पंधरा दिवस राहून आली होती, आणि नवव्या मजल्यावरून खाली बघून तिचं मत झालं होतं की इथं माणूस सांडला तर कोणाले समजणारही नाही.

म्हणून तिनं मुलाकडून एक हंगाम मागून घेतला होता. यंदाचा हरभरा मी एकटीनं काढते. निघाला तर राहते, नाही निघाला तर तू म्हणशील तिथं येते. मुलानं कबूल केलं. घाटे भरायला आले की तो येऊन बघणार आणि काय ते ठरवणार. कागद नव्हता, पण जाऊचं बोलणं म्हणजे कागदच असतो. त्या वर्षी तिच्या वावरात हरभरा उभा होता, तो असा.

हरभऱ्याचे वैरी दोन, रानडुक्कर आणि रोही. नीलगाईला आमच्याकडे रोही म्हणतात. नाव गाईचं, अंग घोड्याचं आणि भूक दोघांची मिळून. नदीकडच्या झुडपांतून पहाटे कळप निघतो आणि उजाडेपर्यंत वावर साफ करतो. जाऊनं चारही धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, खुंट ठोकून जुन्या साड्या ताणून बांधल्या होत्या. आमच्या भागात पुष्कळ जण बांधतात. पण तिची एक पद्धत होती. साडी न धुतलेली हवी. गावातल्या बायकांना तिनं सांगून ठेवलेलं असायचं की टाकायची साडी असली तर आधी दोन दिवस निंदणाला नेसा, घामानं भिजू द्या, आणि तशीच आणून द्या. बदल्यात हिरव्या हरभऱ्याची पेंढी. वाऱ्यावर माणसाचा वास गेला की रोही धुरा ओलांडत नाही, असं तिचं म्हणणं. हे तिनं मला स्वतः सांगितलं होतं. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं, ‘तपशील’ असा मथळा देऊन.

माझ्या मनात चित्रपट तयार झाला. वाऱ्यावर फुगणाऱ्या साड्या, पलीकडे रान. माणसानं कपड्यांनी आखलेली सीमा. माणूस कुठेच नाही. आणि शेवटी त्या साड्यांच्या मधून एक रोही आत येतो. सीमा मोडते. हे शेवटचं मी सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मिळालं तर बघा. मिळालं तर म्हणजे काय, मी मिळवणारच होते. बाकी जाऊचा हरभरा कोणत्या बाजूला आहे, हा विचार माझ्या चित्रपटात बसत नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात जाऊला मूर्तिजापूरला जावं लागलं, तिच्या बहिणीच्या नातवाच्या बारशाला. दोन दिवस राखण कोण करणार? मी म्हटलं, मी आहे की. ती माझ्या झोळीकडे आणि तीन पायांच्या त्या स्टँडकडे जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “सकाळ-संध्याकाळ चक्कर मारा बाई, डबा वाजवा. बाकी कशालेच हात लावू नका.”

मी सकाळी फोनमधून धुऱ्याकडे बघितलं आणि माझा विरसच झाला. साड्या मातकट दिसत होत्या. धूळ, पाखरांची घाण, घामाचे पांढरे ओघळ. त्याखाली एक राणी रंग होता, एक पोपटी, एक हळदी, एकीवर मोरपिशी काठ. चित्रकलेच्या मास्तरणीला हे कसं बघवणार? नदीकडच्या धुऱ्यावरच्या नऊ साड्या मी सोडल्या, दुकानातून वाशिंग पावडर आणली, विहिरीजवळच्या हौदात भिजवल्या, घासल्या, दोनदा खळबळल्या आणि पुन्हा जिथल्या तिथे बांधल्या. वहीतला तपशील मला आठवला नाही असं नाही. आठवला. पण मला वाटलं, तो तिचा समज आहे, आणि रंग तर डोळ्यांना दिसतो आहे.

धुतानाचंही चित्रीकरण केलं मी. फोन स्टँडवर लावला आणि फक्त हात दिसतील असं बघितलं. हात म्हणजे माणूस धरायचा की माणसाची खूण, यावर मी बराच वेळ विचार केला. शेवटी खूण धरली.

जाऊ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतली, दमलेली होती, वावरात न जाता जेवून झोपली. तिसऱ्या दिवशी फटफटताना मी एकटीच आधी निघाले. विहिरीच्या कठड्याआड फोन लावला, शाल गुंडाळून बसले. वारा नदीकडून होता. साड्या नुसत्या झुलत होत्या, राणी, पोपटी, हळदी. एवढ्यात झुडपांतून पहिला रोही बाहेर आला. निळसर करडा, मोठा नर. धुऱ्यापाशी येऊन थांबला. मान लांब करून त्यानं हळदी साडी हुंगली. मग तिच्याखालून डोकं घातलं, आणि साडी त्याच्या पाठीवरून शेपटीपर्यंत घसरत गेली. एखाद्यानं पदर काढून घ्यावा तशी. तो आत आला. त्याच्यामागे माद्या, पिल्लं. एकूण सात.

माझ्या पायाशी डबा होता. काठीही होती. मी वाजवला नाही. आवाज रेकॉर्ड होईल म्हणून खोकलासुद्धा दाबून धरला. हरभरा तोडल्याचा कुरकुर आवाज इतका स्वच्छ येत होता की मी मनात म्हटलं, सरांना हा फार आवडेल. अकरा मिनिटं मी तशी बसले होते. किती, ते फोनवरच दिसतं, म्हणून इतकं नेमकं सांगता येतं.

मग जाऊ आली. गावाच्या बाजूनं, साडी वर खोचलेली, हातात ढेकूळ, तोंडानं हाड-हुड करत, थेट कळपावर. मी हातानं तिला बाजूला हो बाजूला हो अशी खुणावत होते, ती काही बघत नव्हती. ढेकूळ मारलं, दुसरं उचलायला गेली, गेली ती मातीत. उठली, पुन्हा धावली. रोही निवांतपणे एकामागून एक पुन्हा साड्यांखालून निघून गेले.

ती तशीच धुऱ्यापर्यंत गेली. हळदी साडीचं टोक हातात घेतलं आणि नाकाला लावलं.

“बाई, धुतल्या का?”

“मळल्या होत्या गं फार.”

तिनं टोक सोडून दिलं. मग म्हणाली, “रोह्यासाठी धुतल्या.”

नदीकडचा कोपरा गेला होता. चौथा हिस्सा म्हणा. बाकीचा शाबूत होता, पण येणाऱ्याची नजर आधी कोपऱ्यावर जाणार हे मलाही कळत होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, चहा करते, चला. मी तिच्यामागून चालत घरी गेले आणि खरं सांगायचं तर वाटेत मी माझा शॉट पुन्हा एकदा बघून घेतला.

रविवारी अकोल्याला कार्यशाळेतल्या कॉम्प्युटरवर मी चित्रपट जोडला. जाऊ जिथून धावत येते तिथं कापला. तीन मिनिटं. साड्या, रान, रोही, कुरकुर आवाज, समाप्त. सरांनी दोनदा बघितला. मग म्हणाले, मॅडम, याला काही करू नका, हे झालेलं आहे. वर्गातली पोरं माझ्याकडे वळून बघत होती. परतीच्या गाडीत मी खिडकीतून काहीही टिपलं नाही. कलावंतानं उगाच खर्ची पडू नये, असा त्या बाईचा त्या संध्याकाळचा विचार होता.

पुढच्या शनिवारी पुतण्या आला. त्यानं मलाही वलगावला बोलावलं होतं, घरातलं मोठं माणूस म्हणून. वावरात गेला, नदीकडच्या कोपऱ्यापाशी उभा राहिला, फिरून आला, ओसरीत बसला. रागावला नव्हता. तेच जड होतं. तो म्हणाला की आई, तू केलंस तेवढं पुष्कळ केलंस, मी मक्त्याचं एकाशी बोलून ठेवलंय, आता तिकीट काढू. आईनं मान डोलावली. कसं झालं हे त्यानं विचारलं तर ती म्हणाली, “राखण माही होती.”

एवढंच. माझं नाव तिनं घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मागाहून मी तिला विचारलं होतं की काहून नाही सांगितलं, तर म्हणाली, मीच तर तुमच्या स्वाधीन करून गेली होती. त्यात उपकाराचा सूर नव्हता. वावर ज्याच्या हाती दिलं त्याची चूक ती देणाऱ्याची, असा तिचा हिशेब.

आम्ही जेवायला बसलो. भाकरी, हिरव्या हरभऱ्याची भाजी. उरलेल्या वावरातला हरभरा. झोळीत माझा तीन मिनिटांचा चित्रपट होता आणि त्यात कोणीही माणूस नव्हता. म्हणजे दोषी कोणीच नव्हतं. बघणाऱ्याला वाटावं, साड्या आपोआप स्वच्छ झाल्या आणि रोही आपोआप आला. मी तो शुद्ध केला होता, साड्यांसारखाच. पण फोनमध्ये कापण्याआधीचं सगळं अजून पडून होतं. जागा रिकामी करायची म्हणून मी ते त्याच सकाळी पुसणार होते, तेवढ्यात बस आली म्हणून राहिलं.

हात धुऊन आले आणि फोन पुतण्याच्या हातात दिला. म्हटलं, हे बघ, आणि शेवटपर्यंत बघ.

आधी माझे हात आले. पावडर, फेस, राणी रंगाची साडी. तो म्हणाला, हे काय, मोठ्याई? मी म्हटलं, बघ तू. मग धुरा आला, रोही आला, ती अकरा मिनिटं आली. तो मध्येच पुढे सरकवायला गेला, मी सरकवू दिलं नाही. माझा डबा फ्रेमच्या कोपऱ्यात अर्धा दिसत होता. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मग त्याची आई धावत आली. आणि फोनमधून माझा आवाज आला, अगदी स्पष्ट, वर्गातला: “अगं, बाजूला हो, मध्ये येऊ नकोस.”

मी फक्त हातानं खुणावलं होतं, अशी माझी पक्की समजूत होती. आठवडाभर मी ते तसंच स्वतःला सांगत आले होते.

पुतण्यानं फोनवरून मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्यानं शेवटचा भाग मागे नेला आणि पुन्हा बघितला, मग पुन्हा. मला वाटलं माझंच वाक्य ऐकतो आहे. पण तो आवाज बंद करून बघत होता. आई येते, मारते, पडते, उठते, धावते.

“आई, तू पडली होतीस?”

“पडली नाई. वाकली होती, ढेकूळ घ्याले.”

“आणि गुडघे?”

“गुडघे पुण्यात दुखतात,” जाऊ म्हणाली. तिनं फोन त्याच्या हातातून घेतला, लांब धरून स्वतःला धावताना बघितलं आणि इतकी हसली की ठसका लागला. मग फोन माझ्या मांडीवर ठेवून मुलाकडे वळली. “आता सांग. राखण कोणाची चुकली?”

तो घुटमळला. मी मोठी, त्यात मास्तरीण. शेवटी म्हणाला, “मोठ्याईची.”

“मंग मले काहून नेतं पुण्याले? तिले ने.”

पुतण्याला हसू येत होतं आणि ते माझ्यासमोर आणावं की नाही हे त्याला समजत नव्हतं. मीच म्हटलं, नेत असशील तर खिडकीची जागा दे. तेव्हा तो हसला. उठून अंगणात गेला आणि मक्त्याच्या माणसाला फोन लावला. पलीकडच्याला तो सांगत होता की यंदा नको, पुढं बघू. पुढं बघू हे तो ज्या आवाजात म्हणाला तो मला पुरेसा वाटला नाही, जाऊला पुरेसा वाटला. ती भांडी आवरायला आत निघून गेली.

पाचव्या रविवारी मी अकोल्याला तीन मिनिटांचा चित्रपट दाखवला नाही. सगळा जसाच्या तसा लावला, हात, अकरा मिनिटं, जाऊ, माझं वाक्य. सरांनी तो शेवटपर्यंत बघितला. मग हळू आवाजात म्हणाले की मॅडम, पहिला जास्त चांगला होता. मी म्हटलं, हो सर, होता. चित्रपट म्हणून त्यांचं बरोबरच होतं. आजही मला तसंच वाटतं. पहिल्यातला रोही फार सुंदर होता.

कापणीपर्यंतचे दिवस मी वलगावलाच राहिले. शिक्षा म्हणून कोणी ठेवलं नव्हतं, पण मला घरी जा असंही कोणी म्हटलं नाही. पहाटे डबा वाजवायचा, नदीकडच्या धुऱ्यावर उभं राहायचं. पहिल्याच सकाळी जाऊनं मला तिथं माझी अंगावरची साडी बदलायला लावली आणि काढलेली तशीच खुंटाला बांधली. चौतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईच्या घामाला रोही भितात का, हे मला माहीत नाही. त्या हंगामात ते पुन्हा आले नाहीत, एवढं खरं. त्यांना विचारायला कोणी गेलं नाही.

हरभरा निघाला. कोपरा सोडून निघाला. जाऊ राहिली. पुतण्या दर वर्षी येतो, वावरात फिरतो, पुढं बघू म्हणतो आणि जातो. मी अजूनही घाटे भरायच्या दिवसांत आठ दिवस तिकडे असते. सकाळी निघताना जाऊ दारात हात पुढे करते, मी फोन तिच्या हातावर ठेवते, ती तो पिठाच्या डब्यात टाकून झाकण लावते, आणि मग आम्ही दोघी वावरात जातो.